फुलीतला भाग आईला वाचू नकोस

रासधू अतोल, मालदीव
रविवार, दुपार

प्रिय ताई,

आज दिवसभर मला पाण्यात उतरायला बंदी आहे, म्हणून पत्राला सवड झाली. शिक्षा वगैरे नाही. उद्या परतीचं विमान आहे, आणि शेवटच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास, शक्यतो चोवीस, विमानात बसायचं नसतं. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात नि स्नायूंत मुरतो. तो सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो. त्याआधी उंचावर जाऊन दाब कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगातल्या अंगात बुडबुडे व्हायचे. तर सध्या मी सोड्याची बाटली आहे आणि माडाखाली बूच लावून बसले आहे.

पत्र आल्यावर आई ते तुलाच मोठ्याने वाचायला लावणार, हे मला माहीत आहे. म्हणून जिथे × अशी फुली आहे तिथून पुढच्या फुलीपर्यंत मनातल्या मनात वाच. पण वाचताना अडखळू नकोस. तू अडखळलीस की तिला लगेच कळतं.

प्रवासाचं फार सांगत नाही. दुबईहून माले चार तास, तिथून पश्चिमेला स्पीडबोटीने तासाभराहून थोडं जास्त. बोटीत मी मागे बसले, ते बरं केलं. पुढे बसलेल्यांच्या कंबरेचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक. बेट इतकं चिंचोळं की मधोमध उभं राहिलं तर दोन्हीकडच्या लाटा ऐकू येतात. अख्ख्या बेटावर एकच रिसॉर्ट, बाकी माड, वाळू आणि बगळे. भाऊजींना सांग, इथे होडीला ‘धोनी’ म्हणतात. रोज सकाळी धोनी वेळेवर येतो आणि शांत डोक्याने घेऊन जातो, हा विनोद मी सहा दिवस एकटीच करते आहे, इथे तो कुणाला समजत नाही.

मी आले होते हॅमरहेड बघायला. ज्याचं डोकं हातोडीसारखं आडवं पसरलेलं असतं आणि डोळे त्या आडव्या पट्टीच्या दोन टोकांना, तो शार्क. आपले कोळी त्याला कानमुशी म्हणतात, आणि मला ते नाव इंग्रजीपेक्षा जास्त पटतं, म्हणून मी ‘ती’च म्हणणार. रासधूच्या आग्नेय कडेला प्रवाळाची भिंत सरळ खोल समुद्रात उतरते. दिवस उजाडायच्या सुमाराला कानमुशा खालच्या थंड पाण्यातून थोड्या वर येतात आणि ऊन चढलं की परत खोल जातात. तेवढी एक फट. म्हणून साडेपाचला होडी सुटते. कालचा ओला सूट अंधारात अंगावर चढवायचा हा प्रकार मी शत्रूलाही सांगणार नाही. पाणी अठ्ठावीस अंश, उबदार. पण तो सूट म्हणजे गारठलेली सापाची कात.

पहिली पहाट. उडी मारून आम्ही पंचवीस मीटरवर गेलो आणि गाइड भिंतीपासून लांब, उघड्या पाण्यात घेऊन गेला. ताई, तिथे डोळ्यांना धरायला काही नाही. तळ दिसत नाही, भिंत दिसत नाही, वरचा उजेडही अजून नीट आलेला नाही. चारी बाजूंना एकच निळा. आपण खाली चाललोय की वर तेही समजेना. गाइडने आधीच सांगून ठेवलं होतं: गोंधळ झाला तर आपल्याच बुडबुड्यांकडे बघ, ते जातात ती वर. मी पस्तीस मिनिटं आलटून पालटून बुडबुडे आणि हातातला काटा बघत होते. काटा सिलिंडरमधल्या हवेचा: 200 वर सुरू होतो, 50 वर आला की वर यायचं. तीस मीटरवर दाब जमिनीच्या चौपट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते. त्यात मी घाबरून धापा टाकत होते, त्यामुळे सगळ्यांत आधी माझीच हवा संपत आली आणि माझ्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं. दिसलं काय? निळा रंग.

आमच्या गटात साठी उलटलेली एक इटालियन बाई होती, चारशेवर डाइव्ह झालेली. होडीत ती म्हणाली, तू शोधतेस, म्हणून श्वास वाढतो. शोधू नकोस, नुसती बघ. मला वाटलं, हे असं कुणीही म्हणेल. पण दोन दिवसांनी माझी हवा तिच्याइतकी नाही, तरी दहा मिनिटं जास्त पुरायला लागली. आपण पोहायला शिकलो तेव्हा छाती भरून घ्यायची आणि श्वास कोंडून बुडी मारायची, आठवतं? इथे पहिला नियमच उलटा. श्वास कधीही कोंडायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते, आणि तिला वाट मिळाली नाही तर फुप्फुसच फाटतं. तीस वर्षांची सवय मोडायला मला अजून जड जातं आहे.

× दुसऱ्या पहाटे माझा डावा कान बसला. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळू फुंकर मारत राहायची, म्हणजे कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. थोडी सर्दी होती ती मी कुणाला सांगितली नव्हती. हा माझा मूर्खपणा. सहा मीटरवर कानात सुई टोचल्यासारखं झालं. थोडी वर गेले, पुन्हा फुंकले, पुन्हा सुई. गाइडने अंगठा वर केला, म्हणजे परत फीर. त्याच दिवशी होडीच्या शिडीशी बोट कापलं, आणि पुढच्या डाइव्हला पट्टी सुटली. अठरा मीटरवर बोटातून रक्त आलं तर ते चक्क हिरवट काळं दिसत होतं. लाल रंग पाण्यात सगळ्यांत आधी विरतो, पहिल्या काही मीटरांतच. आईची ती ठाम समजूत आहे ना, की रक्ताचा थेंब पडला की मैलभरावरून शार्क धावत येतात? मी गुपचूप मागे वळून पाहिलं. एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता. त्याचा आवाज ऐकू येतो, कुरकुरीत टोस्ट खाल्ल्यासारखा. बाकी कुणी आलं नाही. ×

(आईला सांग, दुसऱ्या दिवशी मी आराम केला. खोटं नाही, अर्धा दिवस केला.)

त्या पहाटे मी होडीत एकटी बसले होते, जॅकेट काढून, कान धरून. अर्ध्या तासाने एकेक डोकं वर आलं आणि प्रत्येक जण तोंडातली नळी काढून एकच ओरडत होता: अकरा! अकरा कानमुशा, एका रांगेत. मी टाळ्या वाजवल्या. तुला म्हणून सांगते, मनातून इतकी जळले की नाश्त्याला कुणाच्या टेबलाशी बसले नाही.

आता ज्याबद्दल खरं लिहायचं होतं ते. परवा दुपारी आम्ही कंडूत गेलो. कंडू म्हणजे अतोलच्या कडेला दोन प्रवाळांमधली खोल वाट, जिथून समुद्र आत-बाहेर करतो. (अतोल म्हणजे प्रवाळाचं कंकण; हा शब्दही इथलाच, धिवेही भाषेतला, सगळ्या जगाने तो उचलला.) भरतीचं पाणी आत शिरत असताना वाटेच्या तोंडाशी, बाहेरच्या कोपऱ्यावर, शार्क जमतात. ओढ इतकी की हातपाय मारून उपयोग नाही. म्हणून प्रत्येकाजवळ दीड मीटरच्या दोरीला बांधलेला आकडा असतो. तो मेलेल्या दगडात अडकवायचा, जिवंत प्रवाळात नाही, दुसरं टोक जॅकेटला, आणि पतंगासारखं लोंबत राहायचं. मास्क गालावर फडफडतो. मान वळवली तर पाणी तो ओढूनच नेईल असं वाटतं.

मग ते दिसले. करडे रीफ शार्क, एक, तीन, नंतर मी मोजणं सोडलं. पंधरा तरी असतील. सगळ्यांची तोंडं ओढीकडे. आणि ताई, ते पोहत नव्हते. घार कशी वाऱ्यावर पंख पसरून एकाच जागी टांगलेली राहते, मधूनच एक शेपूट हलवते, तसे. भिंतीला आपटून वर उसळणाऱ्या पाण्यावर ते पहुडलेले. एक सरकत सरकत पुढे गेला, रांगेच्या टोकाशी पोचला, मग कलला, ओढीबरोबर मागे वाहून गेला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला येऊन लागला. थोड्या वेळाने दुसरा. नळावर नंबर लावावा तसं. त्यातला एक माझ्यापासून दोन हातांवरून गेला. त्याच्या पाठीवरचं कातडं मऊ दिसतं, पण गाइड म्हणतो उलटा हात फिरवला तर कानसीसारखं खरखरीत. मी अर्थात फिरवला नाही. कल्ल्याच्या पाच चिरा उघडताना-मिटताना दिसल्या. डोळा मांजरासारखा, उभ्या बाहुलीचा. त्याने माझ्याकडे पाहिलं असं मी म्हणणार नाही. माझ्या बुडबुड्यांना वळसा घातला, इतकंच.

भीती वाटली का, असं तू विचारणार. आकडा सुटला तर काय, याची वाटली. शार्कची नाही वाटली, आणि ही फुशारकी नाही, डोक्यात जागाच नव्हती. आईसाठी हिशेब लिहिते, हा मोठ्याने वाच: जगभरात मिळून वर्षाला माणसांना न डिवचता शार्क चावण्याच्या साधारण साठ-सत्तर घटना होतात, त्यात मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि माणसं वर्षाला मारतात ते शार्क, अंदाजे 10 कोटी.

आमच्या गाइडचे आजोबा त्या दुसऱ्या आकड्याला हातभार लावणारे. शार्कला इथे मियारु म्हणतात. पूर्वी मियारुच्या यकृताचं तेल काढून लाकडी धोनींना बाहेरून चोपडायचे, म्हणजे लाकूड टिकतं. आजोबांचा तोच धंदा. पुढे परदेशी बाजारात परांसाठी मागणी आली आणि शार्क झपाट्याने कमी झाले. 2010 साली मालदीवने देशभर शार्क पकडायला बंदी केली. नातू आता तेच मियारु लोकांना दाखवून पोट भरतो. मी विचारलं, आजोबा काय म्हणतात? म्हणाला, ते म्हणतात, लोक पैसे देतात आणि मासा पाण्यातच सोडून येतात, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

काल शेवटची पहाट. कान ठीक, सर्दी नाही, आणि यावेळी खोटं नाही. पुन्हा तोच निळा. विसाव्या मिनिटाला गाइडने दोन्ही मुठी कानांशी धरल्या. ती कानमुशीची खूण. त्याचं बोट खाली. माझा खोली मोजणारा कॉम्प्युटर 27 मीटर दाखवत होता. इथे कायद्याने 30 च्या खाली जायचं नाही. ती त्याच्याही खाली, चाळीसच्या आसपास असेल. एकच. आधी फक्त एक गडद रेघ, मग त्या रेघेला आडवी दुसरी रेघ. अंधाऱ्या खोलीत उशीशी चष्मा शोधताना आपण हात इकडून तिकडे फिरवतो ना, तसं ती डोकं फिरवत चालली होती. त्या आडव्या डोक्यावर बारीक छिद्रं असतात, त्यांनी तिला वाळूखाली दडलेल्या जिवाची वीजसुद्धा कळते. मी एक ते नऊ मोजले. दहाला ती नव्हती.

वर आल्यावर इटालियन बाईने विचारलं, झालं समाधान? मी हो म्हटलं. खरं तर कानमुशीसाठी इतक्या लांब आले आणि डोळे मिटले की दिसतो तो कंडूतला नंबर. पण हे त्या वेळी बोलले असते तर कृतघ्नपणा वाटला असता.

एक तक्रारही लिहून टाकते. गटातला एक जण काठीला लावलेला कॅमेरा घेऊन वाळूवर निजलेल्या व्हाइटटिपच्या तोंडाशी गेला. हा शार्क न पोहताही श्वास घेऊ शकतो, म्हणून दिवसा तळाशी निवांत पडून असतो. बिचारा उठला, निघून गेला, आणि मागून येणाऱ्या आम्हा चौघांना त्याचा वाळूतला ठसा तेवढा बघायला मिळाला. होडीत त्याने सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. मी सुद्धा पाहिला, आणि चांगला आला होता, याचाच जास्त राग आला.

आता पाच वाजत आले. धक्क्याखाली गुडघाभर पाण्यात ब्लॅकटिपची पिल्लं येतात, हातभर लांब, पराच्या टोकाला शाई लागल्यासारखी. मोठे शार्क इथे येऊ शकत नाहीत म्हणून ती उथळातच वाढतात. एवढ्या पाण्याला बंदी लागू नाही, म्हणून मघाशी जाऊन उभी राहिले होते. पाय हलवला नाही तर घोट्याशेजारून जातात; पायाचं बोट जरी उचललं तरी सगळी एकदम पसार. हे आईला जरूर वाच. तिला पिल्लं म्हटलं की कुठलीही आवडतात.

उद्या रात्री दुबईला पोचले की फोन करते. मालेत पोस्ट शोधायला वेळ मिळाला तर पत्र टपालात पडेल, नाहीतर फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवेन. तसं झालं तर फुल्यांचा काही उपयोग नाही, आई आता फोटो मोठा करून वाचायला शिकली आहे.

तुझी,
मनू