सी ड्राइव्ह भरला म्हणून आपल्या गोष्टी पुसू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, काल तुम्ही फोनवर म्हणालात, "सी ड्राइव्ह लाल दाखवतोय म्हणून आजीच्या पत्रांचे थोडे स्कॅन काढून टाकले, तरी लाल काही जात नाही." तेव्हापासून मनात तेच घोळतंय. फोनवर सांगायला गेलं की मधली एखादी पायरी राहून जाते, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. छापून घ्या आणि की-बोर्डशेजारी ठेवा.

सगळ्यात आधी एक गोष्ट करा, आणि ती आजच. डेस्कटॉपवरचं रिसायकल बिन उघडा. तुम्ही डिलीटचं बटण दाबून जे काढलंत ते बहुतेक तिथेच असेल. आजीच्या पत्रांच्या फायली दिसल्या की त्या निवडा, माउसचं उजवं बटण दाबा आणि 'रिस्टोअर' म्हणा. जिथून काढल्या तिथेच त्या परत जातील. पण शिफ्ट दाबून डिलीट केलं असेल तर फाइल बिनमध्ये जात नाही, आणि पेनड्राइव्हवरून काढलेलीही सहसा जात नाही. तसं झालं असेल तर कॉम्प्युटरवर नवीन काही साठवू नका आणि लगेच मला कळवा. तोवर रिसायकल बिन रिकामं करायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

लाल का गेला नाही, तेही यातच आलं. बिनमध्ये पडलेली फाइल डिस्कवर जागा धरूनच असते. म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढून पत्रं गेली आणि जागा मात्र मिळाली नाही. शिवाय, बाबा, ती पत्रं जागा खातात तरी किती? स्कॅन केलेलं एक पान जेपीईजी करून ठेवलं की साधारण १ ते २ एमबीचं होतं. तशी पाचशे पानं धरली तरी १ जीबीच्या आत-बाहेर. कुलवृत्तांतासाठी तुम्ही जमवलेले मोडी कागद, वंशावळीच्या एक्सेल फायली, आईने आत्याकडून म्हणवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, हे सगळं मिळूनसुद्धा त्या ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावेल. जागा अडवली आहे ती दुसऱ्याच गोष्टींनी, आणि त्या पुसल्या तर कोणाचंही काही जात नाही.

तुमच्या कॉम्प्युटरला दोन डिस्क आहेत. सी हा छोटा आणि वेगवान, १२८ जीबीचा एसएसडी. डी हा मोठा, १ टीबीचा. सी उघडल्यावर ११९ जीबीच दिसतात म्हणून मागे तुम्हाला दुकानदाराचा संशय आला होता. त्याने फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०७ कोटींच्या वर धरते, म्हणून आकडा लहान दिसतो. त्याच हिशेबाने डी ९३१ जीबीचा दिसेल. विंडोज आणि सगळे प्रोग्राम सीवर आहेत, आणि मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज ती पट्टी लाल करते. म्हणजे ११ जीबी शिल्लक असले तरी लाल दिसायला लागतं. घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही, पण दुर्लक्षही करू नये. जागा अगदीच संपली तर विंडोजचे अपडेट अडकतात, वर्डमध्ये लिहिलेलं साठत नाही, छपाई मध्येच थांबते.

आता ही जागा खातं कोण? बांधकामाच्या वेळी गवंडी परांची उभी करतात आणि घर झालं की उतरवतात, तसं प्रत्येक प्रोग्राम काम चालू असताना काही फायली उभ्या करतो. त्यांना टेम्पररी फायली म्हणतात. काम संपून प्रोग्राम नीट बंद झाला की त्या त्यानेच काढायच्या असतात. पण पावसाळ्यात वाईला वीज जाते, कॉम्प्युटर फटकन बंद पडतो, आणि काढणारा प्रोग्राम जागेवरच संपतो. भिंतीवरचं बटण दाबून बंद केलं तरी हेच होतं. मग त्या फायली तशाच राहतात, आणि त्या आपल्या आहेत हे पुढच्या वेळी त्या प्रोग्रामला ठाऊकही नसतं.

स्कॅनिंगमध्ये हे विशेष होतं. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, रंगीत स्कॅन केलं की त्याचं मूळ चित्र सुमारे २६ एमबी भरतं. त्याचं लहान जेपीईजी नंतर होतं. मध्येच वीज गेली किंवा स्कॅनरचा प्रोग्राम अडकला तर असं मोठं चित्र मागे राहू शकतं. चाळीस पानांची अशी चित्रं राहिली की १ जीबी गेलाच. म्हणजे एका पानाच्या मागे राहिलेल्या चित्राच्या जागेत तुमच्या पत्रांची डझनभर पानं मावतात, आणि तुम्ही पुसलीत ती पत्रं! यूपीएसची बॅटरी बदलून घ्या, हे मी मागेही म्हटलं होतं. दोन-चार मिनिटं जरी मिळाली तरी कॉम्प्युटर रीतसर बंद करता येतो.

सफाई करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. वीज गेल्यावर वर्डचं काम अर्धवट राहिलं असेल तर आधी वर्ड उघडा. सेटिंग बदललेलं नसेल तर वर्ड दर दहा मिनिटांनी एक राखीव प्रत ठेवतं आणि पुन्हा उघडल्यावर ती दाखवतं. ती आपल्या नावाने साठवून घ्या. दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाची. काकांकडून वंशावळीची फाइल मेलने किंवा झिपमध्ये येते. ती तिथेच दोनदा क्लिक करून उघडली की ती टेम्पररी जागेत उघडते. तिच्यात तुम्ही तासभर नावं भरलीत तरी ती भर नीट साठत नाही, किंवा पुढच्या सफाईत वाहून जाते. म्हणून आलेली फाइल आधी कुलवृत्तांताच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायची, झिप असेल तर 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करायची, आणि मगच तिच्यात लिहायला बसायचं.

हे झालं की स्टार्टमधून 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट'. बऱ्याच कॉम्प्युटरवर शट डाउन केल्यावर विंडोज स्वतःचा काही भाग जपून ठेवते, लवकर सुरू व्हावं म्हणून. रीस्टार्टने सगळं नव्याने सुरू होतं आणि अडकून पडलेल्या फायली सुटतात.

आता सफाई. की-बोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरा आणि इंग्रजी आय दाबा. सेटिंग्ज उघडतील. त्यात सिस्टम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. मिनिटभर थांबा, कॉम्प्युटर मोजणी करत असतो. मग एक यादी येईल, प्रत्येक नावापुढे चौकोन आणि किती जागा अडली आहे त्याचा आकडा. ही यादी आली की काहीही दाबू नका. मोबाइलने तिचा फोटो काढा आणि मला पाठवा.

त्या यादीत तुम्हाला काय दिसेल ते सांगते. 'टेम्पररी फाइल्स' नावाची ओळ म्हणजे वर सांगितलेल्या त्या मागे राहिलेल्या फायली, ती खूण राहू द्या. 'विंडोज अपडेट क्लीनअप' म्हणजे जुन्या अपडेटचे उरलेले भाग. हा आकडा बरेचदा सगळ्यात मोठा असतो आणि तो काढायला काही हरकत नाही, फक्त वेळ लागतो. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' म्हणजे अपडेटच्याच प्रती, त्याही जाऊ द्या. 'थंबनेल्स' म्हणजे फोटोंची छोटी चित्रं. ती काढल्याने फोटो जात नाहीत, फोल्डर पुन्हा उघडल्यावर ती नव्याने तयार होतात. पण तुमच्याकडे स्कॅनचे फोल्डर मोठे आहेत, उगाच वाट बघत बसावं लागेल, म्हणून माझं मत विचाराल तर ती राहू द्या.

आणि 'डाउनलोड्स'. आई, हे तू वाच. या यादीत डाउनलोड्सची पण एक ओळ असते आणि तिच्या नावापुढेही चौकोन असतो. तिथे खूण कधीही करायची नाही. कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तू आत्याच्या ओव्या उतरवल्यास त्या सगळ्या डाउनलोड्समध्येच आहेत, नावावरून काहीच न कळणाऱ्या. कॉम्प्युटरच्या लेखी त्या उतरवून ठेवलेल्या फायली, इतकंच. त्यांत दळणाच्या ओव्या आहेत, माहेरच्या आहेत, आणि आत्याचा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही हे आपल्याला माहीत आहे. डी ड्राइव्हवर 'ओव्या' नावाचा फोल्डर कर आणि सगळ्या तिथे हलव. एकेक ऐकून नाव दे, पहिल्या ओळीचं. बाबांना टायपिंगला बसव. रिसायकल बिनचाही चौकोन त्या यादीत असतो. तो आजीची पत्रं परत मिळेपर्यंत मोकळाच ठेवायचा, खूण असेल तर काढायची.

फोटो पाहून मी हो म्हटलं की 'रिमूव्ह फाइल्स' दाबा. चक्र फिरत राहील, कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मध्ये बंद करू नका.

त्याच स्टोरेजच्या पानावर 'स्टोरेज सेन्स' नावाचं एक बटण आहे. ते चालू केलं की विंडोज अशा फायली आपणहून काढत राहते. मात्र त्याच्या आत बिनमधल्या फायली ३० दिवसांनी कायमच्या काढायची सोय असते आणि डाउनलोड्ससाठीही एक पर्याय असतो. ते मी आल्यावर तुमच्या शेजारी बसून लावून देईन. तोपर्यंत त्याला हात लावू नका.

ब्राउझरही बरंच साठवून ठेवतो. क्रोम उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबा. जी चौकट येईल तिच्यात 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' एवढीच खूण ठेवा. कुकीजची खूण ठेवली तर मेलपासून वीजबिलापर्यंत सगळीकडे पुन्हा लॉग-इन करावं लागेल, आणि पासवर्डची ठेवली तर साठवलेले पासवर्डच जातील.

सीमधला विंडोज नावाचा फोल्डर उघडून आतलं काहीही काढायचं नाही. त्यात काही फोल्डर फार मोठे दिसतात आणि काढावेसे वाटतात, पण कॉम्प्युटर त्यांच्यावरच चालतो. प्रोग्राम फाइल्सचंही तसंच.

बाबा, तुम्ही म्हणालात की कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा "फॉरमॅट मारून देतो" म्हणाला. नको. फॉरमॅट म्हणजे त्या ड्राइव्हवरचं सगळंच जाणं, आणि तुमचा डॉक्युमेंट्सचा फोल्डर सीवरच आहे. जागा हवी म्हणून एवढं करायची गरजच नाही. 'कॉम्प्युटर साफ करा' म्हणणारे फुकट प्रोग्रामही उतरवू नका. २०१७ मध्ये सीक्लीनर या जगभर वापरल्या जाणाऱ्या सफाईच्या प्रोग्राममध्येच हल्लेखोरांनी घातक भाग घुसवला होता आणि तो वीस लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर पोचला होता. विंडोजमध्ये जी सोय आहे ती पुरेशी आहे.

आणखी एक, आणि हे दोघांनाही. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस साठलेत" असा फोन आला तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट आपणहून असा फोन करत नाही. ही माणसं तुमच्याकडूनच एखादी यादी उघडून घेतात, तिच्यातल्या साध्यासुध्या नोंदी व्हायरस म्हणून दाखवतात, आणि मग एनीडेस्कसारखा प्रोग्राम उतरवायला लावून कॉम्प्युटर ताब्यात घेतात. तुम्ही सध्या जागेच्या काळजीत आहात, अशा वेळी असं बोलणं खरं वाटू शकतं. चुकून पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर, फोन करायचा, मग मला.

आता राहिला डी ड्राइव्ह. तो जवळजवळ रिकामा आहे, बाबा. कुलवृत्तांताचा फोल्डर तिथे कॉपी करा आणि नवे स्कॅन तिथेच साठवा. स्कॅनरच्या प्रोग्राममध्ये कुठे साठवायचं ते विचारतात, तिथे डी निवडायचा. सीवरची मूळ प्रत लगेच काढू नका, मी एकदा तपासते. शिवाय एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा, कारण दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत.

दादाने आजीची पत्रं अजून पाहिलेली नाहीत. पणजोबांनी कराचीहून लिहिलेल्या पत्राचा तुम्ही मागच्या महिन्यात उल्लेख केलात. ते मोडीत आहे की बाळबोध लिपीत? ते स्कॅन रिसायकल बिनमध्ये सापडलं तर त्या रात्रीच मला मेल करा, म्हणजे एक प्रत इथे माझ्याकडेही राहील.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, पुढच्या वेळी घेऊन येते.

तुमची,
मनू