एलिझाबेथ नुसती ‘शिष्या’ नव्हती

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तवरचा लेख वाचला आणि कालचा सगळा दिवस धुसफुसण्यात गेला. देकार्त भावनांना शत्रू मानत होता, असे आपले लेखक सांगतात. भावनांवरचे त्याचे १६४९ मधले पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत वाचायला हवे होते. भावना मुळात सगळ्याच चांगल्या, टाळायचा तो त्यांचा गैरवापर आणि अतिरेक, असे तो तिथे स्वच्छ लिहितो.

पण माझा खरा राग पुढेच आहे. युरोपातल्या बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथची बोळवण आपण ‘शिष्या’ या एका शब्दात केलीत. भावनांची व्याख्या करा, असे तिने सप्टेंबर १६४५ मध्ये देकार्तला लिहिले, आणि ते पुस्तक त्यातूनच उभे राहिले. त्याच वर्षी ती बारीक तापाने आणि कोरड्या खोकल्याने बेजार होती. दुखण्याचे मूळ दुःखात आहे, असे देकार्तने कळवले. रानाची हिरवाई, फुलांचे रंग, पाखराचे उडणे पाहत राहा, कसलाही विचार करू नका, हा त्याचा सल्ला. विवेकाने सुखी होता येते, या त्याच्या म्हणण्यावर ऑगस्टमध्ये तिने उत्तर दिले की काही आजार विचार करण्याची शक्तीच काढून घेतात. मग विवेकाने सुखी व्हायचे कोणी?

माझे यजमान गेले त्या वर्षी मला अंथरुणातून उठवत नव्हते. एका समुपदेशकांनी वही दिली, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा म्हणाले. महिनाभराने वही कोरीच पाहून ‘तुमचीच इच्छा नाही’ असे ऐकवले. पुढे रक्त तपासले तेव्हा थायरॉइड निघाला. गोळ्या सुरू झाल्यावर माझे मला रडता येऊ लागले, तोवर तेही येत नव्हते. नंतर कधीतरी एलिझाबेथचे ते पत्र हाती लागले. त्या समुपदेशकांना जे मला सांगता आले नाही, ते सव्वीस वर्षांच्या त्या मुलीने देकार्तला सांगून ठेवले होते! आपली पत्रे छापायला तिने नकार दिला होता, ती १८७९ मध्ये बाहेर आली. आता ती उपलब्ध असताना तिला शिष्या म्हणून बाजूला का सारायचे?

पुढच्या रविवारी तिचे ऑगस्टचे पत्र मराठीत छापावे, ही विनंती. आणि एकाच लेखात देकार्त, डेकार्ट, देस्कार्ते अशी तीन नावे आली आहेत. मुद्रितशोधन कोणी करते की नाही?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा