एका बाळासाठी उघडलेली कुपी

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही. तुमच्या उपकेंद्राखालच्या पाड्यांवर ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सुरगाणा तालुक्यातला आमचा पाडा ११ घरांचा. दिवाळी झाली की त्यातली बहुतेक घरं दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात जगायला जातात. गेल्या दिवाळीनंतर आम्हीही गेलो. मुलीला नऊ महिने तिथेच पूर्ण झाले, गोवर-रुबेलाचा पहिला डोस तिथेच आला. जवळच्या एका ठिकाणी नेलं, तर एकट्या बाळासाठी कुपी फोडत नाही, पुढच्या वेळी या, म्हणून परत पाठवलं. दिवसाची मजुरी गेली. पुढच्या वेळी मुकादमाने सोडलं नाही.

शिमग्याला घरी आलो, तर आशाताईंना विचारून तुम्ही दुसऱ्याच दिवशी हजर. गाडीरस्ता संपल्यावर तासभर चढ चढून, खांद्यावर लसीचा डबा. मी वरमून म्हणालो, तीन महिने उशीर झाला. तुम्ही म्हणालात, "पाच वर्षांपर्यंत देता येतो, आज देऊ." ओसरीवर बसून कुपीत द्रावण मिसळलंत, तिच्यावर वेळ लिहिलीत. पाच डोसांची कुपी, उघडली की चार तासांत संपवायची, आणि समोर बाळ एकच. मी म्हणालो, बाकीची वाया जाईल. "जाऊ दे. बाळ सुटायला नको."

सिस्टर, माझी थोरली बहीण गोवरात गेली. आई तिच्याबद्दल कधी बोलत नाही. त्या दिवशी नातीच्या दंडावर सुई टेकली तेव्हा ती दाराआड उभी होती. तुम्ही अर्धा तास थांबलात, तेवढ्यात तिने तुमच्यासाठी नागलीची भाकर थापली. सणालासुद्धा आता तिच्याने चुलीपाशी बसवत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. भाकर बांधून घेऊन तुम्ही कुपीची वेळ संपायच्या आत शेजारच्या पाड्यावर गेलात आणि तिथली राहिलेली दोन बाळं शोधलीत.

दुसरा डोस श्रावणात झाला. ओहोळाला पाणी होतं, तुमचा डबा मी डोक्यावरून अलीकडे आणला. तेवढंच माझ्या हातून घडलं.

आता पुन्हा मळ्यावर निघायचंय. अ जीवनसत्त्वाचा पुढचा डोस तिकडेच येईल. तुम्ही सांगितलंत तसं लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठोड्यात सगळ्यात वर ठेवलंय.

तुमचा,
पाड्यावरचा एक बाप