कानाच्या वरच्या कडेला गन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईबरोबर कान टोचून घेणाऱ्यांची गर्दीही वाढते. मुलींना बुगडी हवी असते, मुलांना भिकबाळी, आणि कॉलेजातल्या पोरांना हेलिक्स (कानाची वरची कड) नाहीतर ट्रेगस (कानाच्या छिद्रापुढचा उंचवटा). हौसेला आमची हरकत नाही. कानाच्या वरच्या कडेला दागिना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घातला जातो. पण कानाची पाळी टोचायची रीत जशीच्या तशी वरच्या कडेला लावली जाते आणि त्यातून जे कान बिघडतात, त्याबद्दल हे पत्र आहे.

पाळीत चरबी असते आणि रक्तपुरवठा भरपूर. तिथले भोक 6 ते 8 आठवड्यांत भरून येते. वरच्या भागात कूर्चा असते, जिला घरोघरी मऊ हाड म्हणतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही अंगांना एक पातळ आवरण चिकटलेले असते, त्यातून जे झिरपेल त्यावर ती जगते. त्यामुळे इथली जखम पुरती भरायला 6 महिने ते 1 वर्ष लागते. जंतू शिरलेच, तर औषधही तिथे कमी पोचते. आवरण आणि कूर्चा यांच्या मध्ये पू साठला की आवरण सुटते आणि खालची कूर्चा मरते. मेलेली कूर्चा पहिल्यासारखी पुन्हा तयार होत नाही. कानाची कमान खचते आणि कान चुरगळल्यासारखा आकसतो, तो कायमचा.

आता गनबद्दल, म्हणजे कान टोचायच्या बंदुकीबद्दल. गनमध्ये स्प्रिंग असते आणि ती दागिन्याचीच दांडी कानात ठोकते. ही दांडी सुईइतकी धारदार नसते. पाळीत ते एकवेळ निभावते, पण कूर्चा अशा दणक्याने ठेचली जाते आणि कधी चिरते. गनचा सांगाडा बहुधा प्लॅस्टिकचा असतो. तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे 121 अंश सेल्सिअस आणि 15 पौंड दाबाच्या वाफेत 15 ते 20 मिनिटे, टिकत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने वरून पुसले तरी आतल्या फटीत उडालेले रक्ताचे बारीक शिंतोडे राहतात, आणि हिपॅटायटिस बी पसरायला तेवढे पुरेसे आहेत. शिवाय त्या दागिन्याची दांडी आखूड असते. दुसऱ्या दिवशी कान सुजला की मागचा फुलपाखरी चाप मांसात रुततो. कधी तो कातडीखाली इतका जातो की भूल देऊन चिरा घेऊन काढावा लागतो.

फवारणीच्या जंतुनाशकावरही भिस्त ठेवू नये. 2000 साली अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात कान टोचण्याच्या एका स्टॉलवर जंतुनाशकाच्या बाटलीतच स्युडोमोनास हा जंतू वाढलेला आढळला. खात्रीने लागण झालेले 7 जण निघाले आणि सातही जणांनी कानाचा वरचा भाग टोचून घेतला होता. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली, काहींचा कान कायमचा वाकडा झाला.

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो की पालीच्या खंडोबाची, जागा वाटताना यात्रा समित्यांनी कान टोचणाऱ्या स्टॉलला एवढी एक अट घालावी: पाळीच्या वर टोचायचे नाही. धुळीत आणि गर्दीत, हात धुवायला पाणी नसताना कूर्चा टोचणे धोक्याचेच आहे. सराफ बांधवांनाही हीच विनंती. पाळी टोचण्यात त्यांचा हात बसलेला आहे, त्याबद्दल शंका नाही. वरच्या कडेसाठी मात्र गिऱ्हाईक सरळ डॉक्टरकडे किंवा सुईने टोचणाऱ्या जाणकाराकडे पाठवावे.

सुई पोकळ आणि एकदाच वापरायची हवी. ती धारेने कूर्चेला बारीक छेद देऊन दागिन्याला वाट करते, ठेचत नाही. जाडी साधारण 16 गेज (1.2 मिमी) किंवा 18 गेज (1 मिमी). काही जण सलाईनची कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची सुई-नळी, वापरतात. तिच्यात हिरव्या रंगाची म्हणजे 18 गेज आणि करड्या रंगाची म्हणजे 16. पाकीट तुमच्यासमोर फुटले पाहिजे आणि त्यावरची मुदत वाचून घेतली पाहिजे. हातमोजे नवे हवेत. जागेवर पेनाने खूण करून ती आरशात तुम्हाला दाखवावी आणि सुई कडेला काटकोनात जावी. तिरकी गेली तर दागिन्याचा भार एका बाजूला पडतो आणि ती बाजू महिनोन्‌महिने चिघळत राहते. दोन्ही कान एकाच दिवशी टोचू नयेत, झोपायला एक कूस मोकळी हवी. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते तेही आधी आठवून ठेवावे. मधुमेह आटोक्यात नसेल, स्टेरॉइड चालू असतील किंवा घरात कुणाला व्रण वाढण्याची खोड असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

पहिला दागिना बुगडी किंवा भिकबाळी नको, हे पटवणे आम्हाला सर्वांत जड जाते. भिकबाळी गोल आणि वजनाला जड. ती फिरत राहते आणि प्रत्येक फेरीला बाहेरची घाण आत ओढते. तिच्यातले मोती वाफेच्या उष्णतेत खराब होतात, म्हणजे ती निर्जंतुकही करता येत नाही. बुगडीची फिरकी घट्ट बसते आणि सुजेला जागा ठेवत नाही. सुरुवातीला इम्प्लांट दर्जाच्या, म्हणजे शरीरात बसवायला चालणाऱ्या, टायटॅनियमची सरळ दांडी घालावी, मागे चपटी चकती असलेली, लांबी साधारण 8 मिमी. सूज उतरली की 6 ते 8 आठवड्यांनी, ज्याने टोचले त्याच्याकडूनच, ती 6 मिमीची करून घ्यावी. लांब दांडी तशीच ठेवली तर ती केसांत अडकते आणि भोक तिरके होते. खोट्या दागिन्यात निकेल असते. त्याने खाज सुटते, लस वाहते आणि लोक त्यालाच जंतुसंसर्ग समजतात. लग्न पुढच्या महिन्यात असेल तर टोचण्याची घाईच करू नये. चापाची बुगडी आणि प्रेसची भिकबाळी सराफांकडे मिळते, फोटोत फरक कळत नाही.

निगा साधी आहे, पण ती रोज करावी लागते. मेडिकलमधून नॉर्मल सलाईन (0.9 टक्के) आणावे. 10 मिलीच्या छोट्या कुप्या मिळाल्या तर उत्तम, कारण मोठी बाटली फोडून आठवडाभर ठेवली की तिच्यात जंतू वाढतात. घरी मीठ टाकून केलेले पाणी बहुधा जास्त खारट होते आणि कातडी कोरडी पाडते. साबणाने हात धुवावेत, गॉजची घडी सलाईनमध्ये भिजवून 2-3 मिनिटे पुढून आणि तेवढीच मागून धरावी. पिवळसर पांढरी खपली मऊ होऊन जेवढी सुटेल तेवढी पुसावी, नखाने खरवडू नये. मग कोरड्या गॉजने टिपावे. सकाळ-संध्याकाळ एवढेच. कापूस वापरू नये. त्याचा धागा दांडीभोवती गुंडाळला जातो आणि त्यावर खपली धरते. भिंगाखाली पाहिले की बरे न होणाऱ्या भोकात पुष्कळदा असा एखादा धागा सापडतो. दागिना फिरवायचा नाही. फिरवला नाही तर तो चिकटतो, ही समजूत चुकीची आहे.

हळदीच्या पेठेतल्या लोकांना हळद लावू नका म्हणणे अवघड आहे, तरी सांगतो. हळदीची पूड निर्जंतुक नसते आणि खोबरेल तेलात कालवली की भोकात लगदा होऊन बसते. कडुलिंबाची काडी, चुना, टूथपेस्ट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही नको. स्कार्फ आणि हेल्मेट काढताना आधी कानाजवळची बाजू बाहेर ताणून मग वर उचलावी. सर्वांत जास्त ओढ तिथेच बसते. मोबाइल दुसऱ्या कानाला लावावा. माहुलीच्या किंवा हरिपूरच्या संगमावर डुबकी, विहिरीत पोहणे, हे निदान पहिले 3 महिने टाळावे, कारण स्युडोमोनास पाण्यात राहणारा जंतू आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कान बरा झालासा वाटतो आणि इथेच लोक फसतात. भोक दोन्ही तोंडांकडून आत भरत जाते, मधला बोगदा ओलाच असतो. तेव्हा हौसेने घरच्या घरी दागिना बदलला की जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

भोकाशेजारी येणारी लहान लालसर गाठ बहुतेक वेळा दाबाने किंवा ओढीने आलेली असते. कारण काढले की ती काही आठवड्यांत बसते. केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा व्रण, वेगळा: तो महिन्यांनी उगवतो, घट्ट असतो, जखमेची हद्द ओलांडून वाढतो आणि आपोआप जात नाही. त्यासाठी गाठीत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. नुसता कापून काढला तर तो बहुधा पुन्हा येतो, म्हणून ते कुठेही करून घेऊ नये.

पहिल्या आठवड्यातली थोडी सूज, ठणक आणि लस नेहमीची. पण वरचा कान लाल, गरम आणि जाड झाला, वाकवला की कळ येते आणि खाली पाळी मात्र साधी आहे, असे दिसले तर तो कूर्चावरणाचा दाह समजून त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवावे. हिरवट पू किंवा ताप येण्याची वाट पाहू नये. घरात उरलेली अमॉक्सिसिलिन घेऊन दोन दिवस काढू नयेत, ती स्युडोमोनासवर चालत नाही. त्याला सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध लागते, तेही वय आणि गरोदरपण पाहून डॉक्टरांनी ठरवायचे. दागिना स्वतः ओढून काढू नये. भोक मिटून पू आत कोंडू शकतो, तेव्हा काढायचा की ठेवायचा हे तपासूनच ठरते. पू झाला असेल तर तो काढून तपासणीला पाठवावा लागतो, आणि हे जितक्या लवकर होईल तितकी कूर्चा वाचते. रविवार आहे म्हणून सोमवारपर्यंत थांबू नये.

आपले,
कान-नाक-घसा विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका, सांगली