आधी आतला बांध, मग भरती

खारभूमीचे (बांध घालून भरतीचे पाणी अडवून केलेल्या शेतजमिनीचे) फुटके बांध दुरुस्त करत बसण्यापेक्षा तिथे भरतीला येऊ द्यावे, असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. समुद्र आपली जागा परत घेतो, हे खरेच. अलिबाग-पेणच्या खाडीकाठी बांधाला खांड पडली की काही पावसाळ्यांतच भाताच्या खाचरात तिवरांचे कांदळवन उभे राहते, चिखलात निवट्या मासे उड्या मारू लागतात. पण इंग्लंडमधील मेडमेरीचा दाखला लेखात अर्धाच आला आहे. तिथे २०१३ मध्ये समुद्राकडचा गोट्यांचा बांध मुद्दाम फोडला गेला, पण त्याआधी आत सुमारे ७ किलोमीटरचा नवा बांध उभा होता आणि जमिनी विकत घेतल्या होत्या. लगेच आलेल्या वादळी हिवाळ्यात मागची वस्ती सुरक्षित राहिली. २०१४ मध्ये तिथे शेकाट्यांनी पिल्लेही वाढवली (आपल्या पाणथळीत सर्रास दिसणारा हा पक्षी तिकडे दुर्मीळ).

आपल्याकडे बांध ठरवून फोडले जात नाहीत, डागडुजीअभावी फुटतात. सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर कांदळवन, आणि ते तोडायला न्यायालयाची मनाई. अशा शेतकऱ्याला निसर्गाच्या पुनरागमनाचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचे? कुठले बांध राखायचे आणि कुठले सोडायचे, हे शासनाने गावांशी बोलून ठरवावे. सोडायच्या जमिनींचा मोबदला आधी द्यावा आणि गावालगतचा आतला बांध उघाड्यांसह (पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपांसह) पक्का करावा.

– एक वाचक, पेण