विषय : बागेच्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगची पिन बदलण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कमिटी सदस्य,
आपली सोसायटी, टिळकवाडी, बेळगाव

सप्रेम नमस्कार,

परवाच्या मीटिंगमध्ये गवत कापायचा जुना ट्रॅक्टर भंगारात द्यायचे ठरले, असे कळले. मी गावाला होतो. माझी कळकळीची विनंती आहे, तो देऊ नका.

रविवारी मी स्वतः ट्रॅक्टरखाली झोपून पाहिले. इंजिन ठणठणीत आहे, पात्याचा पट्टाही चांगला आहे. मोडली आहे ती फक्त करंगळीएवढी पिन. स्टेअरिंगचा दांडा आणि त्याच्या खालचे पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, यांना तीच एक पिन जोडते. ती तुटली की हातातले स्टेअरिंग नुसते गरगर फिरते, पुढची चाके जागची हलत नाहीत. पिन तुटली त्या दिवशी माळीकाकांनी वेळेवर ब्रेक दाबला म्हणून बरे. उताराच्या तळाशी मुलांचे झोपाळे आहेत.

तिथे मुळात रोल पिन असते. स्प्रिंगच्या पोलादाची, पोकळ, उभी चीर असलेली. भोकापेक्षा किंचित जाड असल्यामुळे ठोकून बसवली की स्वतःच्या ताणाने घट्ट राहते. मागच्या दुरुस्तीत कोणीतरी तिच्या जागी खिळा कापून घातला होता. मऊ लोखंड ते, दोन्हीकडून कातरले गेले. मधला तुकडा अजून दांड्यात अडकला आहे, आणि खिळा हलत राहिल्याने भोक लांबट झाले आहे. आता त्याच मापाची नवी पिन ठोकली तरी ती ढिलीच बसणार.

उद्यमबागेत तीस वर्षे लेथवर काढली आहेत, त्या अनुभवावर सांगतो. रात्रभर डिझेल सोडून ठेवायचे आणि सकाळी पंचाने, म्हणजे ठोकायच्या पोलादी दांडीने, तुकडा बाहेर काढायचा. मग चाके आणि स्टेअरिंग सरळ धरून, पिनियन दांड्यावर असतानाच, दोन्हींतून एकदम भोक पुढच्या मोठ्या मापाला गोल करायचे आणि त्या मापाची रोल पिन बसवायची. पुढच्या चाकांच्या सांध्यांत ग्रीसचा थेंब नाही. स्टेअरिंग जड चालते आणि सगळा जोर पिनेवर येतो. ग्रीस भरल्याशिवाय पिन बदलण्यात अर्थ नाही.

काल माळीकाका तारेने बांधून ट्रॅक्टर चालवायला निघाले होते. त्यांचा दोष नाही, गवत गुडघ्याला लागले आहे आणि तगादा त्यांनाच होतो. मी किल्ली काढून वॉचमनकडे दिली आहे. काम होईपर्यंत ती कोणालाही देऊ नये, अशी आपण सूचना द्यावी.

पिन आणि ग्रीसचा खर्च सोसायटीने करावा, काम मी विनामूल्य करीन. पावसाने उघडीप दिली तर येत्या शनिवारी सकाळी सुरू करतो. दांडा धरायला एक जण लागेल. गणपतीचा मंडप त्याच हिरवळीवर पडतो, तेव्हा परवानगी या आठवड्यातच मिळावी.

आपला,
एक ज्येष्ठ रहिवासी