मूरवरच्या तळ्यात लांब फेक कामाची नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्कॉटलंडच्या सहलींवर हल्ली मराठीत बरेच लिहिले जाते. त्यात हायलँड्समधल्या एखाद्या एकाकी लॉखचा, म्हणजे तळ्याचा, फोटो असतो आणि होडीतून कोणीतरी भली लांब दोरी हवेत भिरकावत असतो. तो फोटो डोक्यात ठेवून जाणाऱ्याला ट्राउट किंवा सॅमन मिळण्याची शक्यता कमीच. मूरवरच्या, म्हणजे उघड्या ओलसर माळावरच्या, तळ्यात होडीतून मासा मिळतो तो आठ-दहा मीटरच्या आखूड फेकीला आणि पाण्याच्या वरच्या थरात शेवटपर्यंत हलत्या ठेवलेल्या कृत्रिम माशीला.

आधी मासा कुठे असतो ते पाहू. हेदरची झुडपे आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, असलेल्या माळावरून उतरणारे पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी असते. प्रकाश खोलवर जात नाही, त्यामुळे वनस्पती आणि कीटक उथळ पाण्यातच वाढतात. ब्राउन ट्राउट त्यांच्यामागे साधारण एक ते चार मीटर खोलीत फिरतो. सॅमन समुद्रातून गोड्या पाण्यात शिरला की खाणे थांबवतो, तरीही तो उथळातच थांबतो: ओढ्यांच्या मुखाशी, पाण्यात घुसलेल्या भूशिरांजवळ, बुडालेल्या मोठ्या धोंड्यांच्या आसपास. तळ्याच्या मधोमध होडी सोडणे म्हणजे दिवस वाया घालवणे. पीटचे पाणी आम्लधर्मी आणि पोषणाला गरीब, म्हणून तिथले ट्राउट बहुधा दोन-अडीचशे ग्रॅमचेच असतात. उत्तरेला डरनेसजवळ चुनखडीवर वसलेली तळी आहेत, तिथला ट्राउट अंगाने भरतो, पण नितळ पाण्यामुळे फार सावधही असतो.

काठी दहा ते अकरा फुटी, तिला सहा किंवा सात नंबरची तरंगणारी लाइन, म्हणजे फेकायची जाड दोरी. पुढे सुमारे साडेचार मीटरचा लीडर, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, आणि त्यावर तीन माश्या. सर्वांत वरची, म्हणजे बॉब, झुपकेदार हवी: क्लॅरेट बंबल, केट मॅकलॅरन किंवा ब्लॅक झुलू. मधली मॅलर्ड अँड क्लॅरेट, टोकाला चंदेरी अंगाची सिल्व्हर इनव्हिक्टा किंवा बुचर. ट्राउटसाठी गळ १० ते १४ नंबरचे आणि नायलॉन सहा पौंडी. सॅमनची आशा असेल तर गळ ८ किंवा १० नंबरचे, नायलॉन दहा-बारा पौंडी आणि माश्या दोनच. मोठा मासा धावू लागला की मोकळी तिसरी माशी गवतात नाहीतर जाळ्यात अडकते.

बॉब आणि टोकाची माशी यांच्यातले अंतर काठीच्या लांबीपेक्षा कमीच ठेवावे. हा हिशेब चुकला तर टोकाला लागलेला मासा जाळ्याजवळ आणताना बॉब काठीच्या शेवटच्या कडीत अडकते, दोरी आत येईना आणि मासा हातभर लांब, अशी कोंडी होते. वरच्या माश्या बांधायला लीडरमधून आखूड फांद्या काढण्यासाठी वॉटर नॉट ही गाठ बांधावी, दोन्ही धागे जोडीने चार वेळा फिरवून, थुंकीने ओले करून मग आवळलेली. फांदीसाठी खाली वळलेले टोक वापरावे, कारण ते वरच्याच धाग्याचा पुढचा भाग असते आणि ओढ चांगली सोसते.

होडी वाऱ्याला आडवी ठेवून वाहू द्यायची, शक्यतो किनाऱ्याला धरून. वारा जास्त असेल तर वाऱ्याकडच्या बाजूला मधोमध ड्रोग, म्हणजे पाण्यात फुगणारी कापडी छत्री, बांधून वेग कमी करावा. फेक वाऱ्याच्या दिशेने, समोर. माश्या पाण्यावर पडताच दोरी ओढायला लागायचे, कारण पुष्कळ मासे पहिल्या दोन-तीन सेकंदांतच येतात. शिवाय होडी माश्यांकडे सरकत असते, ओढ तिच्या वेगापेक्षा थोडी जास्त नसेल तर दोरी सैल पडते आणि मासा आला तरी हाताला कळत नाही. ओढता ओढता काठी हळूहळू वर न्यावी. होडीपासून तीन-चार मीटरवर बॉब पाण्याच्या पृष्ठभागावर येते आणि लाटेच्या माथ्यावरून रेघ काढत चालते. तिला तिथेच तीन-चार सेकंद खेळवावे. मागून पाठलाग करत आलेला मासा नेमका याच वेळी झेप घेतो आणि नवशिका नेमका याच वेळी पुढच्या फेकीसाठी दोरी उचलतो. लांब फेकणाऱ्याची शक्ती फेकीत जाते आणि हा टप्पा घाईत उरकला जातो. काठी फार उभी झाली तर गळ रोवायला जागाच उरत नाही, तेवढे भान ठेवावे.

ट्राउटने माशी घेतली की काठी तत्काळ उचलावी, तो क्षणात थुंकून टाकतो. सॅमनच्या बाबतीत हाच हात घात करतो. तो संथपणे वर येतो, माशी तोंडात घेऊन खाली वळतो. तो वळण्याआधी झटका दिला तर माशी उघड्या तोंडातून सरळ बाहेर येते. दोरीला वजन लागेपर्यंत काहीही करू नये. ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हणा आणि मग काठी उचला, हा तिथला जुना सल्ला त्यासाठीच आहे.

लीडरवर आपोआप पडणाऱ्या गाठी हे बहुतेक तुटलेल्या दोऱ्यांचे कारण. मागे गेलेली दोरी सरळ होण्याआधीच हिसका देऊन पुढे फेकली की त्या पडतात आणि नायलॉनची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. दर काही फेकींनी बोटांनी धागा चाचपावा, गाठ लागली तर तो तुकडा बदलावा. डोळ्यांवर चष्मा आणि अंगात लाइफ जॅकेट हवेच. निघण्यापूर्वी होडीचे बूच तपासावे, उभे राहून मासेमारी करू नये आणि परतताना वाऱ्याविरुद्ध वल्हवायचे आहे हे धरून वेळ ठरवावी.

ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन डिसेंबर २०२३मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘संकटग्रस्त’ ठरला. म्हणून गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकावेत, जाळे बिनगाठीचे वापरावे, हात ओले करूनच मासा धरावा आणि गळ पाण्यातच काढावा. शेपटीने उचलू नये, कल्ल्यांत बोट घालू नये, तो स्वतः जोर करेपर्यंत सरळ धरून ठेवावा. पाणी २० अंशांच्या वर गेले असेल तर मासेमारी बंद. नॉर्वेत वापरलेले साहित्य स्कॉटलंडला नेण्याआधी निर्जंतुक करून पूर्ण वाळवावे. जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस या परजीवीने नॉर्वेतल्या अनेक नद्यांतले सॅमन उद्ध्वस्त केले, ब्रिटनमध्ये तो अजून पोहोचलेला नाही.

अशा लेखांसोबत नियमांची चौकट छापावी, ही विनंती. ब्राउन ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. सॅमनच्या तारखा जिल्ह्यागणिक वेगळ्या, आणि रविवारी सॅमन व सी ट्राउट (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट) धरणे स्कॉटलंडभर बेकायदा. सरकारी परवाना जवळपास कुठेच लागत नाही, पण सॅमन धरण्याचा हक्क खासगी मालमत्ता असल्याने हक्कदाराची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. तिसऱ्या, म्हणजे सॅमनची स्थिती सर्वांत वाईट असलेल्या, श्रेणीतल्या पाण्यात धरलेला प्रत्येक सॅमन सोडावाच लागतो. श्रेणी दरवर्षी बदलू शकते, म्हणून परवानगी घेतानाच ती विचारून घ्यावी.

आपला,
एक वाचक